उभा काप

१

मामानं नेहमीप्रमाणे सकाळी उंदरांच्या खोलीचं दार उघडलं आणि दिवा लावला. डावीकडच्या पिंजऱ्यांत खसफस सुरू झाली. उजवीकडे काहीच हललं नाही. डावीकडच्यांना काही आठवड्यांपूर्वी नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं होतं, उजवीकडच्यांना औषध. औषधवाले झाडून सगळे मेले होते. मामानं जन्मभर उंदीरच सांभाळले होते, पण असं कधी पाहिलं नव्हतं. तो आल्या पावली उलटा फिरला आणि त्यानं प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, फोन लावला.

औषध म्हणजे एक पाळीव विषाणू होता आणि तो बनवला होता ठकीनं. ठकी हे तिचं घरातलं नाव, पण संस्थेतही तेच चिकटलं होतं. यकृताच्या आजारानं जन्मापासून पिवळी पडलेली मुलं असतात, त्यांच्या यकृतात चांगलं जनुक पोचवायचं, एवढं काम त्या विषाणूला दिलेलं होतं. ठकीनं झोप, जेवणखाण, सणवार सगळं त्याच्यावर ओवाळून टाकलं होतं.

चौकशी झाली म्हणायची, इतकंच. ठकीच्या रॅकमध्ये भलत्याच विषाणूची एक नळी सापडली. सर म्हणाले, पोरीनं घाईत हीच उचलली. मग भरल्या सभागृहात, झाडूवाल्यापासून संचालकबाईंपर्यंत सगळ्यांसमोर, ठकीला उभं केलं आणि सरांनी स्वतः लिहून आणलेला माफीनामा तिला वाचायला लावला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ या शब्दांवर तिचा आवाज फुटला, तर सर म्हणाले, "मागच्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा वाच."

पुन्हा वाच! हे कळलं तेव्हा ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई म्हणजे ठकीची थोरली बहीण, रुग्णालयात पेशी तपासणारी डॉक्टर. आई गेल्यावर ठकीच्या वेण्या तिनंच घातल्या होत्या. आता ठकी तिच्या घरी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. येत्या सोमवारी समिती बसणार होती आणि तिची पीएचडी रद्द करायची की नाही ते ठरणार होतं. रद्द झाली की पुन्हा कुठल्याच प्रयोगशाळेत तिला कुणी उभं करणार नव्हतं.

ताई थेट संचालकबाईंच्या समोर जाऊन बसली. "मला ते मेलेले उंदीर बघायचेत."

"तुम्ही तिची बहीण. तुमचं मत आम्हाला धरता येणार नाही."

"नका धरू. मी जे दाखवीन ते तुमच्या माणसांकडून पुन्हा तपासून घ्या. पण बघू द्या. आणि खरं सांगू का? मला न्यायबिय काही नकोय. ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही, बास."

संचालकबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सोमवारपर्यंत," त्या म्हणाल्या.

२

"आता मला समजेल असं सांग," ताईनं खाटेच्या कडेला बसत म्हटलं.

"ताई, तू डॉक्टर आहेस," ठकी भिंतीला म्हणाली.

"मी कापलेल्या पेशी बघते. तुझ्या विषाणूंमधलं मला ओ की ठो कळत नाही. सांग मुकाट्यानं."

ठकीनं सुस्कारा टाकला. "विषाणू सगळीकडे शिरतो. यकृत, हृदय, मूत्रपिंड, कुठल्याही पेशीत. त्याला अडवता येत नाही. पण नुसतं शिरून काय उपयोग? त्यानं आणलेलं जनुक त्या पेशीनं वाचायला हवं. म्हणून जनुकाच्या आधी मी एक स्विच जोडलाय. त्या स्विचवर जी प्रोटीनं बसतात ती यकृतात भरपूर असतात. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात त्यांना. फॅक्टर बसले की वाचन सुरू. हृदयात तो संच नाही. तिथं माझं जनुक गप्प पडून राहणार."

"म्हणजे चिठ्ठी सगळ्या घरांत टाकली, पण ती लिपी येणारा माणूस एकाच घरात."

"तसंच समज." ठकी कितीतरी दिवसांनी जराशी हसली.

"आणि तुझ्या रॅकमध्ये सापडलेली ती नळी?"

"तिच्यातला स्विच उघडा. तो कुठल्याही पेशीत चालतो, कारण त्याला लागणारे फॅक्टर सगळीकडेच असतात. ती नळी माझी नाही, ताई! किती जणांना सांगू?"

"मला सांगितलंस, पुरे झालं. हृदयात ते जनुक वाचलं गेलं तर काय होतं?"

"ठोके चुकायला लागतात. मग थांबतात."

ताईनं चौकशीचा अहवाल पुन्हा उघडला. ज्या पेशीत विषाणूचं जनुक वाचलं गेलं, ती रंगवल्यावर तपकिरी दिसते. अहवालात नुसत्या हृदयांची चित्रं होती. काही हृदयं तपकिरी, काही साफ कोरी. सगळे उंदीर हृदय बंद पडूनच मेले, मग काही कोरी कशी? अहवालात त्यावर शेरा होता, ‘प्रयोगातला किरकोळ फरक’. ताईनं नाक मुरडलं. तिच्या खात्यात कुणी असा शेरा मारला असता तर तिनं त्याला पुन्हा पहिल्या वर्गात बसवलं असतं.

मग तिला दुसरंच काही खटकलं आणि ती उभीच राहिली. उघडा स्विच म्हणजे सगळे अवयव तपकिरी व्हायला हवेत. मग यकृत कुणी बघितलंच नाही?

३

मामा तिरसट माणूस. ताईला बघताच त्यानं हात झटकले.

"मी काही केलं नाही. सगळे माझ्याकडेच बघतात. उंदीर मेला की मामा, उंदीर पळाला की मामा."

"मेलेले कुठं आहेत, मामा?"

"जाळायला न्यायची गाडी बिघडलीय. पोत्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलेत. हृदयं तेवढी काढून नेली. बाकी सगळं आहे, हवं तर घेऊन जा, माझी जागा तरी मोकळी होईल."

ताईला त्या बिघडलेल्या गाडीला हार घालावासा वाटला. "आणि टोचायच्या आधी औषधाची नळी कुठं होती?"

"याच फ्रीजमध्ये. ठकीताईंनी दोन दिवस आधी आणून ठेवली. मधे एक सुट्टी पडली. सुट्टीला पैलवान येऊन गेला, पण तो रोजच येतो, त्याला घर ना दार. सर आले होते, पिंजरे बघून गेले. आणि मी होतो. धरा मलाच!"

"तुम्हाला उंदीर मारायचे असते तर इतका खटाटोप केला असतात?"

मामा जरा विचारात पडला. "नाही. खाणं बंद केलं असतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

ताईनं यकृतं रुग्णालयात नेली, स्वतः कापली, स्वतः रंगवली. एकेक काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत गेली. पहिली कोरी. दुसरी कोरी. सगळ्या कोऱ्या! तपकिरी रंगाचा एक ठिपका नाही.

म्हणजे उंदरांना टोचलेली नळी उघड्या स्विचची नव्हती. आणि ठकीचीही नव्हती, कारण ठकीच्या विषाणूनं यकृत तर आधी रंगलं असतं. उंदरांच्या अंगात तिसराच विषाणू गेला होता. ठकीच्या रॅकमधली नळी तिला अडकवायला कुणीतरी मागाहून ठेवली होती.

४

पैलवान हा काडी पैलवान. शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसायचा. तो स्नायूंच्या आजारावर काम करायचा, म्हणून हे नाव. ठकी गेल्यापासून तिचं खिडकीजवळचं टेबल त्याला मिळालं होतं आणि तिचा प्रकल्पही त्याच्याच गळ्यात पडणार अशी कुजबुज होती. ताई आत आली तेव्हा तो ठकीच्याच खुर्चीत बसला होता. ताईला तो तिथल्या तिथे दोषी हवा होता.

"तुझा स्विच स्नायूत चालतो ना?"

"हो, ताई."

"आणि हृदय म्हणजे काय?"

पैलवानाच्या कपाळावर घाम फुटला. "स्नायूच. म्हणजे तुम्हाला वाटतंय की मी..." तो खुर्चीतून उठला. "ताई, मी तिच्यावर जळायचो, खोटं कशाला बोलू? ती दिवसात जे करायची त्याला मला महिना लागतो. पण माझा स्विच मांडीत आधी चालतो, मग हृदयात. दोन्हीकडचे स्नायूंचे फॅक्टर त्याला चालतात. मांड्या तपासा ना! एकही तपकिरी निघाली तर मला इथूनच खाली फेका."

"खिडकी लहान आहे, पण तू मावशील," ताई म्हणाली. "हृदयं तूच कापलीस?"

"मीच. आडवी कापली, मधोमध. एक अर्धा काचेवर, दुसरा अर्धा वाटून रसायनांच्या तपासणीला."

"कुठला अर्धा काचेवर?"

"जो हाताला येईल तो. इथं सगळे असंच कापतात. सरांची पद्धत."

"सगळी कापलीस?"

"नाही. थोडी तशीच आहेत बरणीत. सर म्हणाले, पुरे झालं, चित्र स्पष्ट आहे."

त्या दिवशी दुपारी ताईनं मांड्या तपासल्या. कोऱ्या. पैलवान सुटला आणि ताईला त्याचा रागच आला. हाताशी आलेला माणूस निसटला होता आणि सोमवार तोंडावर आला होता. हृदयात चालतो, पण मांडीत चालत नाही, असा स्विच कुणाचा?

५

सरांनी तिला चहा दिला. सर गोड बोलणारे. आवाज कधी चढायचा नाही, म्हणून तर तो माफीनामा इतका लागला होता. त्यांच्या उजव्या अंगठ्याला पट्टा बांधलेला होता.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "मुलगी हुशार. पण हुशारीला शिस्त नसेल तर असं होतं. आता पैलवान सांभाळेल सगळं."

ताईनं चहा ओठांना लावला, गिळला नाही. भिंतीवर एका नियतकालिकाचं मुखपृष्ठ चौकटीत लावलेलं होतं. मधोमध हृदय, त्याचे वरचे दोन कप्पे हिरवे, खालचे दोन काळे.

"हे तुमचं?"

सर एकदम वीस वर्षांनी तरुण झाले. "माझं! हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशी आणि खालच्या कप्प्यांतल्या पेशी, दिसायला सख्ख्या बहिणी. पण फॅक्टरांचं मिश्रण वेगळं. काही वर असतात ते खाली नाहीत, आणि खाली एक असा असतो की तो वाचन दाबूनच टाकतो. त्या फरकावर मी स्विच बांधला. वर चालतो, खाली बंद. यकृत, मांडी, कुठंही नाही. जगात असा दुसरा नाही."

"मग पुढं?"

त्यांचा चेहरा आक्रसला. "पुढं काय? दुसऱ्या प्रयोगशाळांना तो जमला नाही. त्यांच्या हाताला वळण नाही, तर म्हणे सरांचा स्विच खोटा! तुमच्या बहिणीनंही भर सभेत विचारलं, सर, तुमच्यानंतर एकालाही का जमलं नाही? सगळे हसले. माझे विद्यार्थी हसले." त्यांनी कप बशीत ठेवला. "असो. ती सामग्री मी केव्हाच फेकून दिली."

"अंगठ्याला काय झालं?"

"दुखतो हल्ली. मुळाशी. तुमच्याकडे काही मलम आहे का?"

ताईनं मलमाचं नाव सांगितलं आणि ती निघाली. बरणीतली न कापलेली हृदयं तिनं पर्समध्ये घालून नेली असती, पण संचालकबाईंच्या माणसाला सोबत घेऊन रीतसर नेली.

रुग्णालयात हृदय आडवं कापत नाहीत. तिथं उभं कापतात, म्हणजे चारही कप्पे एकाच काचेवर येतात. ताईनं उभा काप घेतला, रंगवला आणि डोळा लावला. मग तिनं संचालकबाईंच्या माणसाला हाक मारली. "या. तुम्हीच बघा. आणि सोमवारपर्यंत कुणाला सांगू नका."

६

सोमवारी समितीच्या खोलीत सर सगळ्यांत आधी येऊन बसले होते. ताईनं यकृतांची गोष्ट सांगितली, मांड्यांची सांगितली. सर मान हलवत राहिले.

"म्हणजे तिसरा विषाणू," ते म्हणाले. "असेल. म्हणजे मुलीनं आणखी मोठा घोळ घातला."

"हृदयांमधला घोळ मात्र तुमच्या पद्धतीनं झाला," ताई म्हणाली. "आडवा काप. काचेवर वरचा अर्धा आला तर तपकिरी, खालचा आला तर कोरा. कुणाला पत्ताच लागला नाही. मी उभा घेतला." तिनं भिंतीवर चित्र टाकलं.

वरचे दोन कप्पे तपकिरी. खालचे दोन स्वच्छ. मधली सीमा सुरीनं आखल्यासारखी. कुणी खुर्चीत सरकलं, कुणी खोकलं. पैलवान दाराशी उभा होता, त्याच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं.

सर शांत होते. "सुंदर चित्र आहे. पण याचा माझ्याशी काय संबंध? वरच्या कप्प्यांतच चालणारा स्विच अस्तित्वात नाही असं जगच म्हणतं. तुमची बहीणसुद्धा म्हणाली होती. मग जो नाहीच, तो मी वापरला कसा?"

समितीतले दोघे एकमेकांकडे बघायला लागले. युक्तिवाद बिनतोड होता. ताईला हेच हवं होतं. रात्रभर ती या वाक्याची वाट बघत जागी होती.

"बरोबर," ती म्हणाली. "बाई, हे कागदावर घ्या. सर म्हणतात, त्यांचा स्विच चालत नाही. भिंतीवरचं मुखपृष्ठ खोटं, त्यावर मिळालेला मान खोटा, तेव्हापासून जे काही शिकवलं ते खोटं. घ्या लिहून, आणि सरांची सही घ्या. मग मी निघते. कारण स्विच चालत नसेल तर तो सरांचा नाही आणि सर सुटले. चालत असेल, तर तो जगात एकाच माणसाकडे आहे."

संचालकबाईंनी खरंच लिहिलं. दोन ओळी. कागद सरांच्या पुढ्यात सरकवला, वर पेन ठेवलं.

सरांनी पेन उचललं. अंगठ्याच्या पट्ट्यामुळे ते नीट धरता येईना.

"वर्षानुवर्षं अंगठ्यानं दाबायची पिपेट न धरलेला माणूस एकदम विषाणू बनवायला बसला की अंगठ्याचं मूळ असंच धरतं," ताई म्हणाली. "आमच्याकडं तंत्रज्ञ येतात ना हेच घेऊन. करा सही. सावकाश करा. आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचा आधी. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

सर भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते. ते नजर काढूच शकत नव्हते. मग त्यांनी पेन टेबलावर आपटलं.

"चालतो!" ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला असेल. "पहिल्या दिवसापासून चालत होता! बघा ना, डोळे आहेत ना तुम्हाला? खालच्या कप्प्यात एक ठिपका दाखवा मला! एक!"

"म्हणजे हा तुमचा आहे," संचालकबाई हळूच म्हणाल्या.

"मग दुसऱ्या कुणाच्या बापाला जमणार?"

आपण काय बोललो ते सरांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते खाली बसले. मग सगळंच बाहेर आलं. सुट्टीच्या दिवशी फ्रीजमधली नळी बदलली ते, उघड्या स्विचची नळी ठकीच्या रॅकमध्ये खोचली ते. एका हशासाठी त्यांनी एवढं केलं होतं. पिवळ्या पोरांचं औषध आता वर्षभर लांबणार होतं, त्याबद्दल मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.

ठकीची पीएचडी राहिली. तिचं टेबल तिला परत द्यायचं असं समितीनं तिथंच ठरवलं. सरांनी दिवस मावळायच्या आत खोली रिकामी करायची होती.

७

ताई घरी आली ती वाऱ्यासारखी. जिना चढतानाच ओरडत होती. "ठके! ऊठ! मेला तो! स्वतःच्या तोंडानं मेला!"

ठकी उठून बसली. ताईनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, सरांच्या ओरडण्याची नक्कलही केली. ठकी ऐकत होती, पण हसत नव्हती. शेवटी तिनं हात पुढं केला. "चित्र दाखव."

ताईनं फोनवर चित्र दाखवलं. ठकीनं ते मोठं केलं, वरून खाली, खालून वर फिरवलं. तिच्या डोळ्यांत पूर्वीची ती भूक परत आली होती. ताईला आनंद व्हायला हवा होता, पण तिला चीडच आली.

"किती स्वच्छ चालतो, ताई," ठकी म्हणाली. "मी चुकले होते."

"तू त्याचं कौतुक करतेस? त्या माणसाचं?"

"माणसाचं नाही ग." ठकीनं फोन परत दिला. "मी खरंच विचारलं होतं त्यांना. टोमणा नव्हता तो. मला कळत नव्हतं की इतरांना का जमत नाही. त्यांनी एक काच, एकच काच मला दाखवली असती, तर मीच दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात उभी राहून म्हटलं असतं की सर बरोबर आहेत. जन्मभर म्हणत राहिले असते." ती उठली आणि आंघोळीचं पाणी काढायला गेली.

ताई जागेवरच थांबली. सगळं मिळालं होतं, तरी तिच्या छातीतला निखारा विझला नव्हता. सर बदनाम झाले, पण जाताना त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं, ते तिनं पाहिलं होतं. आपला स्विच जगाला दिसला, या समाधानावर तो माणूस उरलेलं आयुष्य काढणार होता. आणि आता ठकीनं, काही मनात न ठेवता, त्यावरचा उपाय तिच्या हातात दिला होता.

तिनं चपला पायात सरकवल्या आणि ती पुन्हा संस्थेत गेली.

सर खोक्यात पुस्तकं भरत होते. "आता काय राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"ठकीचा निरोप आहे. म्हणजे तिनं पाठवला नाही, मीच आणलाय." आणि ताईनं तो सांगितला. एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही. एकच काच. त्याच सभागृहात. जन्मभर.

सर हातातलं पुस्तक धरून उभे राहिले. "असं म्हणाली?"

"चित्र बघून पहिलं वाक्य तेच. मी चुकले होते."

"म्हणजे नुसतं दाखवायचं होतं," सर म्हणाले. "मी बनवलंच होतं. तिला नुसतं बोलवायचं होतं." पुस्तक त्यांच्या हातून सुटलं. ते खोक्यावरच बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. थोड्या वेळानं, तोंड न दाखवता, ते म्हणाले, "तुम्ही जा आता. कृपा करा."

ताईनं दार आतून लोटलं, खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली. तिला घरी जायची काही घाई नव्हती.